ज्याचा माणूस नाही, त्याची नाव आधी

होडीवरचा लेख म्हटल्यावर तुम्ही आत्ताच मान तिरकी करून समुद्राची गाज ऐकायला लागला असाल. सोडा तो नाद. आमच्या वाडीत गाज ऐकू येत नाही, बाजूला बर्फाचा कारखाना आहे. तो दिवसरात्र घरघरतो आणि आम्हाला झोप लागते ती त्याच्यामुळेच. लाईट गेली आणि तो थांबला की अख्खी वाडी दचकून उठते. त्यातून मी सांगणार आहे शिडाच्या होडीबद्दल, यॉट म्हणतात तसल्या. म्हणजे आता पांढरी शिडं, निळं पाणी आणि काळा चष्मा लावलेला एखादा उद्योगपती तुम्हाला दिसायला लागला असणार. तेही पुसा. आमचा उद्योगपती म्हणजे माझा बाळकाका. पट्ट्यापट्ट्यांची हाफ पँट, गालात तंबाखू आणि डोक्यावर सिमेंटच्या जाहिरातीची टोपी. आणि शेवटी सगळं नीट होतं का, हे बघायला आधी शेवटचं पान उलटणाऱ्यांतले असाल तर तुमचा त्रास वाचवतो. नाही होत.

मे संपत आलाय. आंबा रस्त्यावर आलाय, फणस झाडाखाली फुटून पडलेत आणि माश्यांना कुठे बसू नि कुठे नको असं झालंय. खाडीवर नावा वर ओढायला सुरुवात झाली. माझं जेटीच्या रस्त्याला छोटंसं दुकान आहे, मोबाइलची कव्हरं, चार्जर, रिचार्ज. या दिवसांत खाडीकडून "हैशा" ऐकू आलं की मी शटर अर्ध्यावर घेतो. त्याने आवाज कमी होत नाही. गिऱ्हाईक कमी होतं फक्त.

पावसाआधी नावा पाण्यातून वर काढतात हे तुम्हाला माहीत असेल, पण कशा ते बघितलं नसेल तर सांगतो. वाळूवर ओंडके आडवे टाकायचे, त्यांना माशाचं तेल चोपडायचं. तो वास एकदा हाताला लागला की साबण हात टेकतो. आमच्याकडे लग्नात वरमाला घालणाऱ्या हातालासुद्धा तो येतो. मग नावेला जाड दोर, दोराला वाडीतला प्रत्येक बाप्या. एक जण हाळी देणार, बाकीचे "हैशा" म्हणून ओढणार. नाव ओंडक्यांवरून अशी कुरकुरत वर येते, की झोपलेल्या म्हाताऱ्याला कुशीवर वळवताना तो कण्हतो ना, तशी. वर आली की तिच्यावर माडाच्या झापांचं छप्पर. आणि मालकाने सगळ्यांना चहा आणि भजी द्यायची. याला चुकवाचुकवी नाही.

यात एक नियम आहे. आमच्या वाडीत हिंदू-मुसलमान दोन्ही घरं आहेत, देव वेगळे, सण वेगळे, पण हा नियम एकच. ज्याचा माणूस नाही, त्याची नाव आधी. कोणी कुवेतला असेल, कोणी बोटीवर, कोणी सिव्हिलला ॲडमिट, कोणी मेलेला. त्याची नाव सगळ्यात पहिली वर घ्यायची, मग आपापल्या. या नियमावर शाळेत निबंध लिहून मी बक्षीस मिळवलंय. आता तो निबंध मला सापडला तर मी त्यात भजी बांधीन.

मी मिमिक्री करतो. लहानपणापासून. गॅदरिंगला हेडमास्तरांचा आवाज काढला तेव्हा हेडमास्तर पोट धरून हसले आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात बोलावून दोन ठेवून दिलेनी. एसटीचा कंडक्टर, गणपतीतला लाऊडस्पीकरवाला, फोनमधली बाई, सगळे माझ्या घशात भाड्याने राहतात. पण सगळ्यात अवघड आवाज दाऊदचाचाचा. दाऊदचाचा आमच्या वाडीतला जुना तांडेल. उभं आयुष्य नाव हाकलीन, आणि म्हातारपणी हाळी देण्याचा मान त्याचा. त्याचा आवाज म्हणजे शंखात वाळू भरून फुंकल्यासारखा. खर्जातनं उठतो, मधे तुटतो, आणि जिथे तुटतो तिथेच माणसं जोर लावतात. ती तूट जमायला मला वर्ष लागलं.

बाळकाका माझ्या वडलांचा धाकटा भाऊ. बिनलग्नाचा. मुंबईला साहेब लोकांच्या शिडाच्या होड्या घासायच्या, रंगवायच्या, दोर बदलायचे, साहेब रविवारी आले की हात देऊन त्यांना आत चढवायचं आणि ते भटकून आले की हात देऊन उतरवायचं, या कामात त्याची जवानी गेली. गुडघे गेले तेव्हा परत आला. आमचं घर तीन खोल्यांचं. त्यात दादाचं लग्न झालेलं. काका पडवीत झोपायला लागला. पडवीत झोपणारा माणूस सगळ्यात शेवटी झोपतो आणि सगळ्यात आधी उठतो, कारण प्रत्येकाला त्याच्या अंगावरून जायचं असतं. त्याने कधी काही म्हटलं नाही. रात्री वहिनी बाहेर यायची असली की आतूनच खाकरायची, आणि काका अंधारात पाय जवळ घ्यायचा. ते पाय जवळ घेणं मला अजून दिसतं.

काही वर्षांपूर्वी दिवाळी झाल्यावर काका मुंबईला जातो म्हणून गेला आणि बऱ्याच दिवसांनी परत आला तो समुद्रातून. भाट्याच्या पुलावर सेल्फी काढणाऱ्या पोरांनी पहिल्यांदा बघितलीनी. खाडीच्या तोंडाशी एक पांढुरकी, पिवळट पडलेली, बुटकी होडी, तिच्यावर तिच्यापेक्षा उंच काठी, आणि काठीवर ठिगळं लावलेलं शीड. एका म्हाताऱ्या साहेबाला ती नको झालेली. काकाने ती घेतलीन.

"काय रे बाळ्या, ही कोणाची?" जेटीवरनं चाचाने विचारलंन.

"माझी."

"मासे कुठे ठेवायचे हिच्यात?"

"मासे नाय चाचा. मी ऱ्हायचंय."

जेटीवर असं हसू फुटलं की बगळे उडाले. मीही हसलो. मग त्या हसण्याची नक्कलसुद्धा केली, चाचाचं वेगळं, बाकीच्यांचं वेगळं.

आत शिरायला छोटी शिडी. आत सरळ उभं राहता येईल अशी जागा एकच, झाकणाच्या बरोबर खाली. काका तिला दिवाणखाना म्हणायचा. पाहुणा आला की त्याला तिथे उभा करायचा आणि आपण वाकून बाजूला व्हायचा. झोपायची जागा पुढच्या टोकाला, तिकोनी, म्हणजे डोकं ऐसपैस आणि पाय प्रार्थनेला उभं राहिल्यासारखे जुळवून. गाद्यांना बुरशीचा वास, लाकडाला जुन्या व्हार्निशचा, रॉकेलच्या स्टोव्हचा, आणि या सगळ्याच्या वरताण तळलेल्या बांगड्याचा. हिवाळ्यात सकाळी भिंतींना आतून घाम यायचा. मी पहिल्या दिवशी उठताना डोकं आपटलं, दुसऱ्या दिवशी आपटलं, तिसऱ्या दिवशी काका म्हणाला, "आता होडीची ओळख झाली. आता आपटणार नाय." आपटलंच. तो असं बरंच काही म्हणायचा, ठामपणे, आणि ते खोटं ठरलं तरी त्याचा ठामपणा कमी व्हायचा नाही.

रात्री कान भिंतीला लावला की पलीकडे, बोटभर अंतरावर, सगळी खाडी. आणि एक आवाज यायचा, कढईत मोहरी तडतडावी तसा, बारीक, न थांबणारा. मला वाटलं होडी कुठेतरी उसवतेय. काका म्हणाला, कोळंब्या आहेत. त्या खाली चुटक्या वाजवतात. मी आजवर एवढे आवाज काढलेत, तो मला नाही जमला. तोंडाने तो होत नाही.

वारा सुटला की शिडाचे दोर काठीवर आपटून टिंग टिंग वाजायचं. काठावरनं हाका यायच्या. "बाळ्या, तुझ्या देवळातली घंटा बांध रे, पोर उठलं." मग काका आईच्या जुन्या लुगड्याची चिंधी घेऊन काठीला मिठी मारून दोर बांधायचा. होडीवर पूर्वी काहीतरी इंग्रजी नाव होतं, ते त्याने खरवडून काढलंन. आमच्याकडे नावेला नाव नसणं म्हणजे पोराचं बारसं न करण्यासारखं. लोक टोकायचे. काका म्हणायचा, "घर हाय ते. तुमच्या घराला नाव हाय काय?"

संध्याकाळी दुकान बंद करून मी तिकडेच. मी वरच्या फळीवर उभा राहून त्याच्या साहेबाची नक्कल करायचो. "बाला, वो रस्सी जरा ढीली छोड. अरे वो नहीं, दुसरी वाली. कोई बात नहीं, हम खुद नहीं करेंगे." काका हसून हसून पाण्यात थुंकायचा. मग तो साहेब व्हायचा आणि मी काका. त्याला नक्कल अजिबात जमायची नाही, साहेबाच्या आवाजातसुद्धा तो माझ्याशी "रे" करून बोलायचा. पण फळीवर पाय पसरून बसायचा ते मात्र साहेबासारखं. पूर्ण पसरून. कोणी ओलांडून जाणार नाही अशा खात्रीने.

घरात काय झालं तेही सांगायला हवं. काका पडवीतून गेला तेव्हा आईने पडवी शेणाने सारवून घेतलीन आणि दादाने तिथे मोटरसायकल लावली. कोणी वाईट बोललं नाही, आमच्याकडे कोणी वाईट नाही. फक्त सगळ्यांचा श्वास थोडा मोठा झाला. आई दर रविवारी डब्यातून सागुती पाठवायची आणि मला विचारायची, "बरा हाय ना तिकडे?" मी म्हणायचो, मजेत. ती म्हणायची, "मग बरंय." ते "मग बरंय" तिच्या आवाजात मला बरोबर काढता येतं. काढत नाही.

शीड लावून आम्ही बाहेर थोड्याच वेळा गेलो. मला होडी लागायची. नांगरावर उभी असतानासुद्धा लागायची. पण एक दुपार आठवते. इंजिन बंद केलंन, शीड भरलं आणि एकदम सगळं गप्प झालं. बर्फाचा कारखाना मागे राहिला. सुरूचं बन मागे सरकायला लागलं. होडी एका कुशीवर कलली आणि माझ्या पोटातलं जेवणही. काका सुकाणूवर दोन बोटं ठेवून बसलेला, टोपी उलटी, आणि त्याचं तोंड असं झालेलं की मी बघायचं टाळलं. एवढ्यात धडधडत आमच्याच वाडीतला एक ट्रॉलर आला. वरनं ओरडले, "इंजिन गेलं काय रे बाळ्या?"

"नाय गेलं. मुद्दाम बंद केलंय."

"डिझेल संपलं?"

"नाय ओ. शिडावर चाललोय."

ते एकमेकांकडे बघायला लागले. शिडावर मुद्दाम कोण चालतो? त्यांच्या आज्याला पर्याय नव्हता म्हणून चालला. "लाजू नको रे, दोर घे," म्हणत त्यांनी दोर फेकलानी. काकाने परत फेकलान. त्यांनी परत फेकलानी. शेवटी पोरांतला एक जण उडी मारून आमच्या होडीवर आला, स्वतःच्या हाताने दोर बांधलान, आणि आम्हाला ओढत जेटीपर्यंत आणलंनी. वर माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "आपल्या माणसाला कोण सोडतंय." काकाने त्यांना चहा पाजलान. तेव्हा मी या प्रसंगाची नक्कल करून दोन महिने लोकांना हसवलंय.

होडी काठाला कधी यायची नाही. खाडीच्या मधोमध, खोल धारेत, नांगरावर. जायचं असलं तर पाटवातून, म्हणजे वल्हवायच्या छोट्या होडक्यातून. लोक म्हणायचे, "मुंबईची सून ही, काठाला पाय लावत नाय." काका म्हणायचा, "हिला खोल पाणी लागतं." तो हे असं म्हणायचा जसं कोणी म्हणतं आमच्या सुनेला एसी लागतो. आम्ही तो तोरा समजलो. का लागतं, कोणी विचारलं नाही. खालचं कोणी बघितलं नव्हतं. आली तेव्हा पाण्यात होती आणि पाण्यातच होती.

मग मे आला. नावा वर घ्यायची बोलणी सुरू झाली. काका म्हणाला, मी नाय काढणार. पावसात वर खाडीत कांदळवनामागे नेऊन ठेवीन, जड नांगर टाकीन आणि आतच राहीन.

चाचाला ते लागलं. "पावसात नाव पाण्यात ठेवतात काय रे? लोक काय म्हणतील, वाडीत ओढायला माणसं नव्हती?"

"लोकांचं काय चाचा. मी बाहेर काढली तर ऱ्हाऊ कुठे?"

"घर हाय ना तुझं."

काका दोर गुंडाळायला लागला. मी तिथेच होतो. माझ्याकडे कधी नव्हे तो एकही विनोद नव्हता.

जड नांगर हर्ण्याला एकाकडे जुना पडलाय असं कळलं, म्हणून काका तो आणायला गेला. आणि त्याच दिवशी फोनवर फोन आले. वादळ येतंय. मोबाइलवर तो लाल गोळा गरगर फिरत आमच्याकडेच सरकताना दिसायचा. सगळी वाडी खाडीवर. बायका ओंडक्यांना तेल लावतायत, पोरं दोर सोडवतायत, आभाळ मात्र स्वच्छ, उकाडा असा की तेल न लावताही सगळे तुकतुकीत. चाचा कमरेवर हात ठेवून उभा. म्हणाला, "बाळ्या कुठाय?"

मी फोन लावला. लागेना. मी फोनमधल्या बाईच्या आवाजात मोठ्याने सांगितलं, "आपण ज्या व्यक्तीशी संपर्क साधू इच्छिता, ती व्यक्ती नांगर आणायला हर्ण्याला गेली आहे." सगळे हसले. चाचाही हसला. मग म्हणाला, "माणूस नाय ना? मग त्याची आधी."

भरती पूर्ण होती. ट्रॉलरने काकाची होडी धारेतून काठाकडे ओढत आणलीन आणि काठापासून बऱ्याच अंतरावर ती अडली. गाळात नाव अडतेच. दोर लावले. चाचाने हाळी दिलीन. त्या दिवशी त्याचा आवाज काय लागला होता ते मी कसं सांगू, आवाज सांगता येत नाही, काढावा लागतो. आम्ही ओढली. हलली नाही. मोठी नाव अशी रुतली की तिला आडवी करतात, मग ती निघते. काठीच्या टोकाला दोर बांधला, अर्ध्यांनी बाजूला ओढून तिला कलती केली, अर्ध्यांनी पुढून. मीही पुढून. तळहात सोललेले, समोरच्याच्या पाठीवरचा घाम माझ्या तोंडावर. हिंदू, मुसलमान, दादा, दादाशी बोलत नसलेला शेजारी, बर्फाच्या कारखान्यातले भय्ये, सगळे एका दोराला. हैशा. हैशा. मग पाण्याखाली कातळावर काहीतरी कडकन मोडलं. आणि होडी एकदम हलकी झाली. इतकी हलकी की आम्ही सगळे मागे एकमेकांवर पडलो. आणि सगळे हसलो, ओरडलो, टाळ्या पिटल्या. सरळ वर आली ओंडक्यांवर. लोण्यासारखी.

तिच्या बुडाखाली लोखंडाचा पंखा असतो. माशाच्या पाठीवर असतो तसा, पण उलटा, खाली. होडीच्या वजनातलं बरंचसं वजन त्याचंच. वारा वर शिडाला ढकलतो आणि हा खाली धरून ठेवतो, म्हणून होडी कलते पण उलटत नाही. त्याच्यासाठी खोल पाणी. तो जुन्या गंजलेल्या बोल्टांवर होता. तो कातळाच्या खाचेत अडकून राहिला आणि जाताना बुडाचा मोठा तुकडा घेऊन गेला. हे आम्हाला तेव्हा माहीत नव्हतं. आम्ही तिला बाजूंनी टेकू दिले, वरून झाप टाकले, आणि चाचा म्हणाला, "आता येऊ दे वादळ."

वादळ आलं नाही. ओमानकडे की कुठे वळलं. दुसऱ्या दिवशी खाडी ताटात ओतलेल्या तेलासारखी.

काका टेम्पोतून आला. मागे तो नांगर, एवढा मोठा की उतरवायला चौघं लागली. उतरला आणि खाडीत मधोमध बघितलंन. मग काठावर. मग चालत गेला, झाप उचललान, वाकून बुडाखाली बघितलंन, आणि तसाच वाकलेला राहिला. होडीच्या आत त्याला वाकूनच राहायची सवय होती, त्यामुळे आधी मला त्यात काही विशेष वाटलं नाही.

मग सरळ झाला. सगळे जमले होते. कोणीतरी विचारलं, "काय रे, बरोबर ठेवलीय ना?" काका सगळ्यांकडे एकेक करून बघत होता, जसं मोजतोय कोण कोण होते दोराला. म्हणाला, "चहा झाला काय सगळ्यांचा?"

तो हॉटेलात गेला, किटली आणि भज्यांचा पुडा घेऊन आला. मालकाने द्यायचीच असतात. प्रत्येकाला स्वतःच्या हाताने दिलान. तोपर्यंत एकाने खाली वाकून बघितलं, दुसऱ्याने बघितलं, आणि ते हळूहळू सगळ्यांना कळत गेलं, हातात भजी असताना. खाववेना आणि टाकता येईना. चाचा बशीत ओतलेला चहा तसाच धरून उभा. चहावर साय धरली.

सगळ्यांनी सगळं केलं त्यानंतर. आमच्या वाडीत कोणी हात झटकत नाही. पोरांनी बुड्या मारून तो पंखा शोधला, दोर बांधले, हलेना. फायबरचं काम करणाऱ्याने फुकटात भोक बुजवून दिलंन. पण पंख्याशिवाय ती शिडाची होडी नव्हे, एक उलटायला टेकलेलं भांडं. एक जण म्हणाला, काठी काप, मागे इंजिन बसवू, मासे धर. काका म्हणाला, "बघू."

पहिला पाऊस जुलमी होता त्या वर्षी. काका त्या होडीत, काठावर, झापांखाली राहिला. टेकू खचून ती एका बाजूला कललेली. तिरक्या घरात राहायचं म्हणजे काय ते मी बघितलंय. चहाचा पेला तिरका भरायचा. झोपताना रात्रभर माणूस भिंतीवर घरंगळून गोळा होतो. खाली कोंबड्या आडोशाला. मी जायचो, साहेबाची नक्कल करायचो, काका हसायचासुद्धा, पण थुंकायला खाली पाणी नव्हतं. भिंतीला कान लावला तर पावसाचाच आवाज. खालची मोहरी बंद.

आई एकदा छत्री घेऊन गेली. "चल घरी," म्हणाली. काका म्हणाला, "येतो." दोघांनाही माहीत होतं पडवीत आता मोटरसायकल आहे. आईने ती काढू असं म्हटलंन नाही. काकाने विचारलं नाही.

गणपती विसर्जन झालं आणि काका गेला. गोव्याला कुठेतरी साहेब लोकांच्या होड्या आहेत, तिथे. घासायच्या, रंगवायच्या, हात देऊन चढवायचं, उतरवायचं. शिमग्याला येत नाही, गणपतीला येत नाही. फोन केला तर म्हणतो, "बरा हाय." झोपतोस कुठे विचारलं तर म्हणतो, "शेडमधे सोय हाय." होडी अजून काठावर आहे. झाप कुजले, कोणी नवे टाकले नाहीत. तिच्यावर कपडे वाळत घालतात. मी रोज तिच्यावरून जातो, आणि रोज वाटतं की निदान आज काहीतरी वाटू नये.

आणि चाचाने हाळी द्यायची सोडलीन. कोणी काही बोललं नव्हतं त्याला, काकाही नाही. पुढच्या मे मधे बोलवायला गेले तर म्हणाला, घसा बसलाय. त्यानंतर नावा कशातरी निघतात. हाळीला ताल नाही, कोण कधी ओढतो पत्ता नाही. गेल्या वर्षी एकाचा पाय ओंडक्याखाली आला.

म्हणून परवा पोरं माझ्या दुकानात आली. अर्ध्या शटरखालून वाकून आत. "दिग्या, चाचाचा आवाज काढ ना. चाचा झोपलाय दुपारचा. ऐकणार नाय." मी नको नको म्हटलं, पण मिमिक्रीवाल्याचं नको कसं असतं तुम्हाला माहितीये. गेलो. वाडीतला सलीम कुवेतला, म्हणून त्याची नाव पहिली. मी कमरेवर हात ठेवले आणि हाळी दिली. पहिल्या हाळीला सगळे हसले. दुसरीला थोडे. तिसरीला आवाज मधे तुटला, जिथे तुटायचा तिथेच, आणि कोणी हसलं नाही. पाय आपोआप वाळूत रुतले, पाठी वाकल्या, आणि नाव सर्रकन वर आली. पोरांनी मला खांद्यावर घेतलं. खरं सांगतो, बऱ्याच दिवसांनी मला बरं वाटलं.

खांद्यावरूनच मला दिसला. पाखाडीच्या पायऱ्यांवरनं लुंगी आणि बनियनवर, टोपी न घालता, अनवाणी, चाचा खाली येत होता. पोरांनी मला हळूच उतरवलं आणि बाजूला झाली.

चाचा माझ्यासमोर आला आणि एक कानाखाली दिलीन. म्हातारा हात, पण तांडेलाचा.

"कोणाची ओढलीस?"

"सलीमची."

"वर आली?"

"आली."

"ओढायच्या आधी खालून बघितलीस?"

मी नावेकडे बघितलं.

"तुला विचारतोय मी. वाकून बघितलीस काय? कोणीतरी बघितलंनी काय?" त्याने सगळ्यांकडे बघितलंन. सगळे वाळूकडे. "माझा आवाज काढलास, बरोबर काढलास. मी झोपेतनं उठलो, मला वाटलं मीच बोलतोय. आणि न बघता ओढायला सांगितलंस तेही माझ्यासारखंच. तेवढं सोडून बाकीचं काढायचं होतंस ना, मेल्या. बाळ्या तिकडे शेडमधे पडलाय, आणि तुम्ही हितं टाळ्या पिटताय." त्याला धाप लागली. मी हात पुढे केला, तो त्याने झटकलान. "परत काढलास तर जेटीवरनं ढकलीन. जा आता घरी. आईला सांग चाचाने मारलंन. का मारलंन विचारलंन तर तेही सांग."